एका शिलिंगाचं पुस्तक आणि हेडक्लार्क गेस्ट

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या 'डॉ. जेकिल आणि मि. हाइड' या छोट्याशा कादंबरीची पहिली इंग्लिश आवृत्ती जानेवारी १८८६ मध्ये लंडनच्या बाजारात आली. तिच्या साध्या कागदी बांधणीच्या प्रतींवर एक मजेशीर खूण सापडते. मुखपृष्ठावर छापलेलं साल आहे १८८५ आणि त्यातला शेवटचा ५ शाईने दुरुस्त करून ६ केलेला आहे. यंत्रावर नव्हे, हाताने! कुणीतरी प्रतींचा ढीग पुढ्यात घेऊन, पेन शाईत बुडवून, एकेक आकडा बदलत बसला असणार. आमच्यासारख्या फायलींत आयुष्य काढलेल्या माणसाचं लक्ष आधी असल्या गोष्टींकडे जातं. कथानक नंतर!

दुरुस्तीचं कारण अगदी व्यापारी होतं. लाँगमन्स या प्रकाशकाला हे पुस्तक १८८५ च्या नाताळसाठी काढायचं होतं. त्या काळी इंग्लंडमध्ये नाताळ म्हणजे भुताखेतांच्या आणि भयकथांच्या विक्रीचा हंगाम. आपल्याकडे दिवाळी अंकांचा असतो तसाच. पण पुस्तक छापून तयार होईपर्यंत दुकानांच्या फळ्या असल्याच पुस्तकांनी भरून गेल्या होत्या. तेव्हा प्रकाशकाने ते जानेवारीपर्यंत थांबवून ठेवलं. किंमत एक शिलिंग. पानं दीडशेच्या आत.

हल्ली ज्याला 'सायकॉलॉजिकल थ्रिलर' म्हणतात, म्हणजे गुन्हा कुणी केला यापेक्षा गुन्हा करणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं याची धास्ती वाचकाला बसवणारी कथा, त्या घराण्याचे जे मूळपुरुष मानले जातात त्यांत हे पुस्तक वरच्या पाटावर बसतं. मला हा प्रकार मनापासून आवडतो, आणि तो आखूड असला तर जास्तच आवडतो. सहाशे पानांची रहस्यकादंबरी हा मला वदतोव्याघात वाटतो. रात्री जेवणं आटोपल्यावर पुस्तक हातात घ्यावं, बाहेर पाऊस कोसळत असावा, दिवे जाण्याची धाकधूक असावी, आणि निजण्यापूर्वी ते संपावं. जेकिल-हाइड या मापात नेमकं बसतं. एकूण दहा प्रकरणं आहेत, त्यांतली काही तर चार-पाच पानांचीच. पण या लेखात मला सांगायचं आहे ते निव्वळ वाचनसुखाबद्दल नाही. हे पुस्तक कुठून आलं, ते वाचणाऱ्यांच्या हातात कसं पडलं, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांत त्यातलं काय हरवलं, याची ही हकीकत आहे.

आधी त्या एका शिलिंगाविषयी. त्या काळी इंग्लंडमध्ये नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे आणि तिची किंमत असे साडेएकतीस शिलिंग. सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. लोक ती विकत घेतच नसत, वर्गणी भरून फिरत्या वाचनालयांतून आणत. या व्यवस्थेला खालून सुरुंग लावला तो शिलिंगवाल्या थरारक पुस्तकांनी. रेल्वे स्टेशनवर घ्यायची, प्रवासात संपवायची. १८८३ च्या नाताळात ह्यू कॉन्वे या लेखकाचं 'कॉल्ड बॅक' हे असंच पुस्तक आलं आणि तडाखेबंद खपलं. मग प्रत्येक प्रकाशकाला तसलं एखादं हवंसं वाटू लागलं. जेकिल-हाइडचा जन्म या बाजारात झाला आहे, कुठल्या विद्यापीठात नव्हे.

आपल्याला हे वातावरण परकं वाटायचं कारण नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड ही नावं घरोघरी पोचवली, ती अशाच स्वस्त, आटोपशीर पुस्तकांतून. लायब्ररीच्या शिक्क्यांनी भरलेल्या, कोपरे दुमडलेल्या त्या पुस्तकांनी मराठी माणसाला भराभर वाचायची सवय लावली. पण प्रतिष्ठित वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना ओसरीवरच बसवलं गेलं. इंग्रजांनी मात्र एका शिलिंगाच्या पुस्तकाला माजघरात घेतलं. ते का, हे पुढे येईलच.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. घराणं दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरांचं. आजोबा, वडील, काका यांनी स्कॉटलंडच्या खवळत्या किनाऱ्यावर दीपस्तंभ उभारले. पोरगं मात्र छातीचं कमकुवत, सतत आजारी. इंजिनिअरिंग सोडून कायदा शिकला, तोही व्यवसाय न करता लेखक झाला. १८८४ ते १८८७ ही वर्षं त्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथ इथे काढली. तिथल्या घराचं नाव 'स्केरीव्होर', म्हणजे काकाने बांधलेल्या एका दीपगृहाचं नाव. ते घर वडिलांनी सुनेला, फॅनीला, भेट दिलेलं होतं. वयाची पस्तिशी आली तरी वडिलांच्या पैशांवर अवलंबून राहावं लागतं ही बोच त्याला होती, आणि 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपाने १८८३ मध्ये येऊन गाजलं असलं तरी ओढाताण संपलेली नव्हती. पैशांसाठी काहीतरी लिहायला हवं होतं आणि सुचत नव्हतं.

१८८५ च्या शरद ऋतूत एका रात्री तो झोपेत ओरडू लागला. फॅनीने घाबरून त्याला उठवलं, तर तो तिच्यावरच चिडला. एवढं छान भयंकर स्वप्न पडत होतं, ते तू मोडलंस! पुढे १८८८ मध्ये 'स्क्रिब्नर्स' मासिकात त्याने स्वप्नांवर एक लेख लिहिला. त्यात तो सांगतो की गोष्टीतले मोजके प्रसंग त्याला स्वप्नात दिसले होते. खिडकीचा प्रसंग, आणि पाठलाग होत असलेला हाइड लोकांसमक्ष औषध घेऊन पालटतो तो प्रसंग. बाकीचं त्याने जागेपणी रचलं.

पुढची हकीकत घरच्यांनी सांगितलेली. तीन दिवसांत त्याने पहिला खर्डा लिहून काढला आणि बायकोला, सावत्र मुलाला वाचून दाखवला. फॅनीला तो पटला नाही. नुसती भयकथा झाली आहे, यात रूपकाची शक्यता होती ती तू घालवलीस, असं तिचं म्हणणं. कडाक्याचं भांडण झालं. स्टीव्हन्सन तरातरा वर गेला, काही वेळाने परत आला आणि त्याने तो खर्डा विस्तवात टाकला. मग पुन्हा तीन दिवसांत सगळं नव्याने लिहिलं. कथा सुंदर आहे, पण कागदपत्रं तिला पूर्ण दुजोरा देत नाहीत. २००० साली फॅनीचं एक जुनं पत्र उजेडात आलं. त्यात ती तो खर्डा निरर्थक असल्याचं सांगते आणि दाखवून झाल्यावर मीच तो जाळणार आहे असं म्हणते. म्हणजे जाळणारा हात कुणाचा, हाच वाद. शिवाय हस्तलिखिताची जी पानं उरली आहेत त्यांवरून स्टीव्हन्सनने मजकूर काळजीपूर्वक घासूनपुसून घेतल्याचं दिसतं. झपाट्याने वाचलं जाणारं पुस्तक झपाट्यानेच लिहिलेलं असतं, हा वाचकांचा आवडता गैरसमज आहे. असो.

कल्पना मात्र त्या एका रात्रीची नव्हती. ती लहानपणापासूनची होती. एडिंबरात अठराव्या शतकात विल्यम ब्रोडी नावाचा एक प्रतिष्ठित कारागीर होऊन गेला. लाकडी कपाटं बनवणारा, सुतारांच्या संघाचा प्रमुख, नगरपालिकेचा सदस्य. दिवसा श्रीमंतांच्या घरी कपाटं आणि कुलपं बसवायची, संधी मिळाली की किल्लीचा मेणात ठसा घ्यायचा, आणि रात्री त्याच घरांत चोरी करायची. मार्च १७८८ मध्ये अबकारी कचेरीवर घातलेला दरोडा अंगाशी आला. ब्रोडी ॲमस्टरडॅमला पळाला, तिथे पकडला गेला आणि १ ऑक्टोबर १७८८ रोजी फासावर गेला. या ब्रोडीने बनवलेलं एक कपाट स्टीव्हन्सनच्या बालपणीच्या खोलीत होतं. आजारी पोर रात्र रात्र जागं, आणि समोर अंधारात त्या माणसाच्या हातचं कपाट! ते कपाट आज एडिंबराच्या लेखक-संग्रहालयात आहे. पुढे डब्ल्यू. ई. हेन्ली या मित्राबरोबर स्टीव्हन्सनने ब्रोडीवर नाटकही लिहिलं, पण ते काही चाललं नाही.

दुसरा माणूस प्रत्यक्ष ओळखीतला. यूजीन शांत्रेल हा एडिंबरात फ्रेंच शिकवणारा शिक्षक. स्टीव्हन्सनची त्याच्याशी ऊठबस होती. बायकोला विष घालून मारल्याबद्दल ३१ मे १८७८ रोजी त्याला फाशी झाली. ज्याच्या पंगतीला आपण जेवलो तो खुनी निघतो, हा धक्का वर्तमानपत्र वाचून बसणारा नव्हे.

आणि तिसरी गोष्ट लंडनच्या हवेतली. जुलै १८८५ मध्ये 'पॅल मॅल गॅझेट' या पत्राचा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड याने गरीब मुलींच्या खरेदी-विक्रीवर खळबळजनक लेखमाला छापली. गिऱ्हाईक कोण, तर प्रतिष्ठित मंडळी. शहर हादरलं. ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि मुलींचं संमतिवय १३ वरून १६ झालं. त्याच कायद्यात पुरुषा-पुरुषांतील संबंधांविरुद्ध एक ढोबळ कलम घुसलं, आणि ते पैसे उकळणाऱ्यांच्या हातात कोलीत ठरलं. आता कादंबरीची सुरुवात बघा. पहाटे तीनचा सुमार, रस्त्यात आठ-दहा वर्षांची एक मुलगी, तिला तुडवत जाणारा एक ठेंगणा माणूस, आणि मग भरपाई म्हणून एका आदरणीय गृहस्थाच्या सहीचा चेक. पाहणाऱ्याची पहिली शंका काय? हा त्या भल्या माणसाकडून पैसे उकळतो आहे. १८८६ च्या वाचकाला हे कुठल्या परीकथेतलं वाटलं नसणार.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते आर्ट्‌सच्या शेवटच्या वर्षाला, इंग्रजीच्या अभ्यासासाठी. तेव्हा ते आवडलं, पण कळलं ते नोकरीला लागल्यावर. कारण ही कादंबरी म्हणजे चक्क एक फाइल आहे!

प्रकरण सुरू होतं चेकपासून. एकूण शंभर पौंड, त्यातले दहा सोन्याच्या नाण्यांत आणि बाकीचा चेक. मग येतं मृत्युपत्र. डॉ. जेकिलने स्वहस्ते लिहिलेलं, आणि वकील अटर्सनने नाराजीने तिजोरीत ठेवलेलं. त्यातलं विचित्र कलम असं की जेकिल मेला, किंवा तीन महिन्यांहून जास्त काळ कारणाशिवाय गायब झाला, तर सगळी मालमत्ता हाइडला. मग खुनाच्या जागी सापडलेला काठीचा अर्धा तुकडा. मग एक पत्र. मग डॉ. लॅन्यनचा मोहोरबंद लिफाफा, त्याच्या मृत्यूनंतर उघडायचा. तो उघडला तर आत दुसरा मोहोरबंद लिफाफा, जेकिलच्या मृत्यूपर्यंत किंवा तो नाहीसा होईपर्यंत न उघडण्याच्या सूचनेसह. अटर्सन इतका नेमस्त माणूस की कुतूहलाने जीव जात असताना तो तो लिफाफा न उघडता तिजोरीत टाकतो. नवव्या आणि दहाव्या प्रकरणात दोन निवेदनं जशीच्या तशी, म्हणजे आमच्या भाषेत सहपत्रं 'अ' आणि 'ब'. त्यानंतर लेखक एक ओळही लिहीत नाही. अटर्सनला ते वाचून काय वाटलं, आपल्याला कधीच कळत नाही. फाइल तिथेच बंद होते.

या वेगाचं रहस्यही याच रचनेत आहे. प्रत्येक कागद पुढच्या कागदाकडे बोट दाखवतो आणि वाचक पान उलटत राहतो. हेर नाही, पाठलाग जवळजवळ नाही. एक मध्यमवयीन वकील फिरतो, विचारतो, कागद कपाटात ठेवतो. तरी छाती धडधडते!

आणि या फाइलीतला माझा आवडता माणूस म्हणजे मिस्टर गेस्ट. जेकिल-हाइडवर गप्पा मारणाऱ्या बहुतेकांना हा गेस्ट आठवत नाही. तो अटर्सनचा हेडक्लार्क. पाचव्या प्रकरणात येतो, दोन-तीन पानं असतो आणि निघून जातो. पण पुस्तकाचं सगळं रहस्य प्रथम दिसतं ते त्याला!

प्रसंग असा. खून होऊन गेला आहे, हाइड फरारी आहे. जेकिल वकिलाला एक पत्र दाखवतो, हाइडने मला पाठवलं म्हणून. पाकीट मात्र जाळून टाकलेलं. टपालाचा शिक्का नव्हता, हस्ते आलं, असं तो सांगतो. बाहेर पडताना अटर्सन नोकराला विचारतो, तर तो म्हणतो असं काहीच आलं नाही. (आवक नोंदवहीत नोंद नाही!) संध्याकाळी अटर्सन शेकोटीपाशी गेस्टबरोबर बसतो. जुनी वाइन काढतो. गेस्टपासून तो फारसं काही लपवत नाही, आणि जे लपवायचं ते तरी लपतं का याची त्याला खात्री नाही. गेस्टला हस्ताक्षरांचा नाद आहे. तो खुन्याचं पत्र बारकाईने बघतो. तेवढ्यात जेकिलकडून जेवणाच्या निमंत्रणाची चिठ्ठी येते. गेस्ट ती मागून घेतो, दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवतो, आणि सांगतो की या दोन अक्षरांत बरंच साम्य आहे. वळण पुष्कळ ठिकाणी एकच आहे, फक्त अक्षरांचा कल निराळा.

बस. गुन्ह्याची उकल झाली. पोलिसांना, डॉक्टरांना, वकिलांना जे दिसलं नाही ते एका कारकुनाने दोन मिनिटांत पाहिलं. आणि पुढे काय होतं? अटर्सन म्हणतो, या चिठ्ठीबद्दल बाहेर बोलू नका. गेस्ट म्हणतो, नाही साहेब, समजलो. कागद तिजोरीत जातो. अटर्सन मनाशी निष्कर्ष काढतो की जेकिलने खुन्याला वाचवण्यासाठी बनावट पत्र लिहिलं. पुरावा अचूक, अर्थ चुकीचा. कारण प्रतिष्ठित मित्र स्वतःच खुनी असेल ही शक्यता त्याच्या डोक्यात शिरूच शकत नाही. मित्राने खोटेपणा केला, इथवर तो कसाबसा पोचतो.

कुठल्याही कार्यालयातल्या जुन्या कारकुनाला विचारा. अक्षर तो ओळखतो. कुणाची टिपणी खरं म्हणजे कुणी लिहिली आहे, कुठला शेरा नंतर घुसडला आहे, कुठल्या दोन सह्या एकाच हाताच्या आहेत, त्याला दिसतं. त्याला विचारलं जात नाही, आणि विचारलं तरी पुढे 'बाहेर बोलू नका' हे ठरलेलं. स्टीव्हन्सनने कुठल्या कचेरीत कायमची नोकरी केली नव्हती. पण कायदा शिकताना त्याने या जगात डोकावून पाहिलं असणार, असं मला वाटतं. सभ्य माणसांचं मौन हे या पुस्तकातलं खरं भय आहे. हाइडला लपवून ठेवतं ते नुसतं औषध नव्हे. मित्राची अब्रू जपणारा वकील, न उघडलेले लिफाफे आणि समजूतदार हेडक्लार्क, हे सगळे मिळून त्याला लपवतात.

हस्ताक्षराचा हा धागा स्टीव्हन्सनने शेवटपर्यंत सोडलेला नाही. शेवटच्या निवेदनात जेकिल सांगतो की हाइडच्या नावे बँकेत खातं उघडताना त्याने आपलंच अक्षर उलट्या बाजूला कलवून हाइडला सही दिली. अडचणीच्या वेळी हाइडच्या देहात अडकलेला असताना त्याच्या लक्षात येतं की चेहरा गेला, उंची गेली, आवाज गेला, पण जेकिलचं अक्षर अजून लिहिता येतं. सकाळी उठल्यावर पांघरुणावर पडलेला हात आपला नसून हाइडचा आहे हे दिसतं, तो प्रसंग तर अंगावर काटा आणतो. वाईट कर्म एकाच्या खाती आणि अब्रू दुसऱ्याच्या खाती, असा जमाखर्च मांडायची जेकिलची सगळी धडपड असते. गुन्हेगार हाइड आहे, मी नाही, असं तो स्वतःला समजावतो. निवेदनात त्याचं 'मी' आणि 'तो' सारखं अदलाबदल होत राहतं. पण ज्याने सही केली तो जबाबदार, हा कचेरीतला पहिला नियम, तो औषध पिऊन टळत नाही.

आता या कथेचा एक दूरचा धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो, तो सांगायला हवा. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, आबे फारियाचा पुतळा आहे. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत या शिल्पकाराचं काम, १९४५ साली उभारलेलं. हात पसरून उभा धिप्पाड पाद्री आणि त्याच्यापुढे कलंडलेली बाई. पणजीत नोकरी करणारा माणूस रोज तिथून जातो आणि बहुधा मान वर करत नाही. जुझे कुस्तोदियु फारिया हा बार्देशमधल्या कांदोळीचा, जन्म ३१ मे १७५६. पोर्तुगालमध्ये राणीपुढे प्रवचन करताना त्याची बोबडी वळली, तेव्हा खालून बापाने कोंकणीत 'कातर रे भाजी' असं पुटपुटून त्याला धीर दिला, ही दंतकथा गोव्यात सगळ्यांना ठाऊक. एका शब्दाने मन पालटतं, हे त्याने तिथे अनुभवलं म्हणतात. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागला. मेस्मर आणि त्याचे अनुयायी म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो. फारियाने ते झुगारलं. द्रव वगैरे काही नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं, असं त्याने मांडलं. २० सप्टेंबर १८१९ रोजी तो वारला, आणि त्याच वर्षी त्याचा ग्रंथ आला.

पुढे फ्रान्समध्ये संमोहनाच्या या अभ्यासातूनच दुभंगलेल्या मनाचे रुग्ण डॉक्टरांच्या नजरेत भरू लागले. बोर्दोच्या डॉ. अझामने १८७६ मध्ये फेलिदा नावाच्या बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिची दोन निरनिराळी व्यक्तिमत्त्वं आळीपाळीने वावरत. १८८५ च्या सुमारास लुई व्हिव्हे या तरुणावरचे अहवाल गाजत होते. यातलं स्टीव्हन्सनने काय वाचलं होतं? इथे साक्षी जुळत नाहीत. फॅनीने पुढे लिहिलं की सुप्त मनावरचा एक फ्रेंच शास्त्रीय निबंध वाचून तो फार प्रभावित झाला होता. स्टीव्हन्सनने मात्र १८९३ च्या एका मुलाखतीत सांगितलं की पुस्तक लिहिताना असा प्रत्यक्ष रुग्ण आपल्या ऐकिवात नव्हता, व्हिव्हेबद्दल नंतर कळलं. म्हणून 'फारियामुळे जेकिल-हाइड जन्मलं' असं ठोकून देणं गोवेकराच्या अभिमानाला बरं वाटलं तरी खरं होणार नाही. पण एवढं खरं, की भूत बाहेर नसून मनात असतं असं युरोपला निक्षून सांगणाऱ्या पहिल्या माणसांत एक कांदोळीचा होता. आणि अलेक्झांडर द्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'त ज्या कैदी फारियाला अमर केलं, त्याच कादंबरीचा खजिना सापडेपर्यंतचा भाग म्हणजे कथनाचा उत्तम नमुना आहे, असं स्टीव्हन्सनने १८८२ च्या एका निबंधात म्हटलं आहे. म्हणजे आमच्या फारियाचं नाव तरी त्याच्या वाचनात होतं!

पुस्तकाकडे परत येऊ. सुरुवातीला विक्रेत्यांनी ते घ्यायला नाखुशी दाखवली. २५ जानेवारी १८८६ रोजी 'टाइम्स'मध्ये अनुकूल परीक्षण आलं आणि चक्र फिरलं. सहा महिन्यांत एकट्या ब्रिटनमध्ये जवळपास चाळीस हजार प्रती गेल्या. एरवी कादंबरीला हात न लावणाऱ्यांनी ती वाचली, पाद्रींनी प्रवचनांत तिचा दाखला दिला. माजघरात प्रवेश मिळाला तो असा. फॅनीने धरलेला रूपकाचा आग्रह कामी आला म्हणायचं.

पण हे यशच पुस्तकाच्या मुळावर आलं. ९ मे १८८७ रोजी बोस्टनमध्ये रिचर्ड मॅन्सफील्ड या नटाने त्याचं नाटक रंगभूमीवर आणलं. दोन्ही भूमिका तोच करी, प्रेक्षकांदेखत चेहरा पालटे, आणि बायका किंचाळत. ऑगस्ट १८८८ मध्ये ते नाटक लंडनला आलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस व्हाइटचॅपलमधले खून सुरू झाले. मॅन्सफील्डच खुनी असावा, इतका हुबेहूब राक्षस साधा माणूस रंगवूच शकणार नाही, असं पत्र एकाने ऑक्टोबरमध्ये पोलिसांना धाडलं! मग चित्रपट आले. १९३१ च्या चित्रपटासाठी फ्रेडरिक मार्चला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे १९८१ मध्ये संजीव कुमारचा 'चेहरे पे चेहरा' याच कथेवर आला. एकच नट दोन्ही कामं करणार म्हटल्यावर रहस्य उरतं कुठे? मूळ पुस्तकात जेकिल आणि हाइड एकच, हे उघड होतं ते जवळजवळ शेवटाला, नवव्या प्रकरणात. १८८६ च्या वाचकाला जो धक्का बसला तो आज कुणालाही बसू शकत नाही. नाव उच्चारलं की उत्तर हजर. (स्वतः स्टीव्हन्सनला 'जीकिल' असा उच्चार अभिप्रेत होता. तोही कुणी पाळत नाही.) नाटक-सिनेमांनी आणखी एक केलं. जेकिलला वाग्दत्त वधू दिली, हाइडला बाजारबसवी दिली. पुस्तकात यातलं काही नाही. हाइड रात्री नेमकं काय करतो हे स्टीव्हन्सन सांगतच नाही. ती मोकळी जागा प्रत्येकाने आपल्या मनातल्या गोष्टींनी भरायची, यातच तर त्याची मेख होती.

मग उत्तर माहीत असताना हे पुस्तक वाचावं का? माझा अनुभव सांगतो. उत्तर माहीत असल्यामुळेच दुसऱ्या वाचनात मजा वाढते. वाचक खुनी शोधत बसत नाही, न शोधणाऱ्यांकडे बघतो. कुठल्या क्षणी कुणाला कळू शकलं असतं आणि त्याने मान फिरवली, हे मोजत जातो. चेकवरची सही खरी निघाली तेव्हा. मृत्युपत्र हातात होतं तेव्हा. खून झालेल्या जागी सापडलेली काठी आपणच जेकिलला भेट दिली होती हे अटर्सनने ओळखलं तेव्हा. गेस्टने दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा. पहिल्या वाचनात हे सगळे रहस्याचे दुवे असतात, दुसऱ्या वाचनात त्या हुकलेल्या संधी दिसतात. आणि त्यांतल्या एकीमुळे जरी कुणी तोंड उघडलं असतं, तर पुढचे बळी टळले असते की नाही, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही पाठ सोडत नाही.

स्टीव्हन्सन ३ डिसेंबर १८९४ रोजी पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावर गेला. वय अवघं ४४, म्हणजे आज माझं आहे साधारण तेवढं. त्याच्या मोठ्या कादंबऱ्यांवर अभ्यासक लिहितील. तुम्हाला एखादी मोकळी रात्र मिळाली तर हे दीडशे पानांचं पुस्तक काढा. सिनेमे विसरा. पाचव्या प्रकरणापाशी मात्र जरा रेंगाळा. धुकं, शेकोटी, जुन्या वाइनची बाटली, आणि टेबलावरचे दोन कागद. तिथे काही क्षण गेस्टच्या खुर्चीवर बसून बघा, आणि साहेबांनी 'बाहेर बोलू नका' म्हटल्यावर तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते ठरवा.